हँडलला बांधलेला दगड

माझी नात नर्स आहे. अंबरनाथच्या एका खाजगी दवाखान्यात काम करते. तिला परदेशात नोकरीला जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजी बोलायची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वेळी लिहिण्या-वाचण्यात पास झाली, बोलण्यात अर्ध्या मार्काने राहिली. निकाल कळला त्या दिवशी घरी येऊन चप्पलही न काढता पलंगावर बसली.

मी चौथी शिकलेली. तरी विचारलं, काय विचारलं होतं म्हणून.

"सायकलबद्दल, आजी."

"मग तू काय सांगितलंस?"

"क्लासमध्ये पाठ करून घेतलेलं. मी रोज सकाळी सायकल चालवते, तब्येत चांगली राहते, धूर होत नाही."

"तुला कुठे येते सायकल?"

"तिथे खरं-खोटं कोण बघतंय? इंग्रजी बघतात."

पण परीक्षा घेणाऱ्या बाईने पुढे विचारलं होतं, काल सायकलवरून कुठे गेली होतीस? ते क्लासच्या कागदात नव्हतं. ही गप्प बसली.

दुसऱ्यांदा फॉर्म भरला. क्लासवाले म्हणाले, काही महिने तेच तेच विषय फिरत असतात, सायकल पुन्हा येईल. झालं, कात्रपच्या आमच्या घरातल्या एवढ्याशा हॉलमध्ये फेऱ्या मारत हिचं सायकलचं पाठांतर सुरू झालं. मी घड्याळ बघायचं आणि दोन मिनिटं झाली की 'बस' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी मला वीट आला.

"चेन उतरली की काय करतेस?" मी मराठीतच विचारलं.

"मधे नको ना बोलूस!"

"त्या बाईलाही असंच सांगणार आहेस?"

ती थांबली. "चेन... म्हणजे ती... लावायची," असं काहीतरी पुटपुटली.

"मराठीत सांगता येत नाही, ते इंग्रजीत कुठून येणार?" मी म्हटलं.

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. समजूत घालणं मला जमत नाही. म्हटलं, बस खाली, तुला खरी सायकल सांगते.

तेव्हा आम्ही शहाडला राहायचो. नवरा कारखान्यातून रात्रपाळी करून आला की दिवसभर झोपायचा आणि त्याची सायकल मोकळी असायची. मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या शिलाईवाल्यांकडून जीन्सचे गठ्ठे घरी आणायचे. शिवून झालेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचं काम. गठ्ठा असला की रिक्षावाले थांबत नसत. म्हणून तो सायकलच्या कॅरियरवर बांधायचा आणि सायकल ढकलत चालत यायचं. बसायला मी कधी शिकलेच नाही. पहिल्याच दिवशी मागचं वजन इतकं झालं की पुढचं चाक उचललं आणि भर बाजारात सायकल घोड्यासारखी उभी राहिली. एक दुकानदार हसला, "बाई, घोडी नाचतेय!" मी रस्त्याकडेचा एक दगड उचलला, पिशवीत घातला, हँडलला बांधला. चाक खाली बसलं. मग रोज तोच दगड न्यायचा आणि तोच आणायचा.

"कुठे गेला तो दगड?"

"बाल्कनीच्या दाराला काय लावलंय?"

लहानपणापासून तिच्या पायाला ठेचा लागायच्या त्या त्याच दगडाच्या. उठून गेली, दोन्ही हातांनी उचलून बघितला. "एवढा जड?" म्हणाली. मग मलाच प्रश्न विचारत सुटली. पावसात गठ्ठा भिजला तर? उतारावर कशी थांबवायचीस? मी मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत बोलायची. अडखळायची, पण गप्प बसत नव्हती.

परीक्षेत खरंच सायकल आली. ती म्हणाली, मला सायकल चालवता येत नाही, माझ्या आजीलाही येत नव्हती, पण आमच्या घरात सायकलने खूप काम केलं. मग गठ्ठ्याची आणि हँडलच्या दगडाची गोष्ट सांगितली. परीक्षा घेणाऱ्या माणसाने मान वर केली आणि विचारलं, दगडच का? हिने उत्तर दिलं. त्याने अजून विचारलं, हिने अजून सांगितलं.

या वेळी पास झाली. पुढच्या महिन्यात जाईल.

काल क्लासवाल्यांचा फोन आला होता. तुझं उत्तर लिहून दे, बाकीच्या मुलींकडून पाठ करून घेतो, म्हणाले. ही वही घेऊन बसलीसुद्धा.

मी म्हटलं, "अजिबात देऊ नकोस. दगड किती जड होता विचारलं की त्या पोरी काय सांगतील?"