थोरल्यांचं नाव

“बाई, उखाण्यात घ्यायचंय का नाव?”

आरोपीचा वकील असं म्हणाला आणि महाडच्या कोर्टात मागची बाकं हसली. मी साक्षीच्या पिंजऱ्यात. विधवा बाईला उखाणा विचारला. माझा डावा हात कोपरातून वाकडा. तो वाकडा करणारा समोर उभा. माझे थोरले दीर.

प्रश्न सरकारी वकिलांचा होता, सोपा होता. तुम्हाला कोणी मारलं? मी म्हटलं, थोरल्यांनी. थोरले कोण? नाव सांगा.

तिथंच अडलं. पोलादपूरच्या डोंगरातली आमची वाडी. तिथं सून थोरल्या दिराचं नाव तोंडातून काढत नाही. थोरल्यांचं नाव गणपत. म्हणून ही शहाणी वीस वर्षं गणपतीलासुद्धा ‘चौथीचा देव’ म्हणायची. आरतीत तो शब्द आला की ओठ मिटायची. नात म्हणते, आजी, तू येडीच होतीस. होतेच.

नवरा गेल्यावर त्याच्या वाट्याच्या नाचणीच्या शेतात मी उतरले, म्हणून थोरल्यांनी काठी घातली. दवाखान्याचा कागद होता, पंचनामा होता. फिर्यादीत नावही होतं. पण ते हवालदाराला सांगितलं माझ्या भावानं. मी शेजारी, तोंडाला पदर लावून. मग चार वर्षं तारखा. समन्स आलं की एसटी धरायची, दिवसभर बसायचं, पुढची तारीख घेऊन घरी. चार वर्षांत कुणी विचारलं नाही, बाई, तुझ्या तोंडानं सांग. आणि विचारलं तेव्हा ही मुकी.

वकील म्हणाला, “साहेब, लिहून घ्या. मारणारा कोण, साक्षीदाराला सांगता येत नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. जेवणाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात मी जमिनीवर बसले. बाकावर थोरले होते ना, बरोबरीनं कशी बसणार! ज्यानं हात मोडला त्याचा मान राखत होते. तंबाखू चोळत थोरले खाली वाकले. हळूच म्हणाले,

“शाबास गो. घराची रीत राखलीस.”

शाबास. म्हणजे माझ्या गप्प राहण्यावर हा माणूस सुटणार होता, आणि ते त्याला माझ्या आधी कळलं होतं.

मी उठले. त्याच बाकावर, त्याच्याच शेजारी बसले. तो सरकला.

सुट्टीनंतर पुन्हा तोच प्रश्न. मी वाकडा हात उचलला, त्याच्याकडे दाखवला.

“गणपत. या गणपतनं मारलं.”

जीभ जड, आवाज मोठा. तीनदा म्हटलं. साहेब म्हणाले, एकदा पुरे. मी म्हटलं, साहेब, वीस वर्षांचं साचलंय. लोक परत हसले. या खेपेला वकील हसला नाही.

त्याला शिक्षा झाली. त्यानं अपील केलं, जामिनावर सुटला. आजही माझ्या बांधावरून खाकरत जातो. अपिलाच्या तारखा आता माणगावच्या वरच्या कोर्टात पडतात. तिथं तुमचं काम नाही, असं मला सांगतात. मी जाते. पुढच्या बाकावर बसते. गणपतचं, म्हणजे त्यांच्या चुलत्याचं, नाव निघालं की आमच्या घरातली पोरं बिचकतात. मी घडाघडा घेते.

आणि डोंगरातली कुठलीही बाई साक्षीला निघाली की आदल्या दिवशी तिला माझ्या ओटीवर बसवते. सासरा असो, दीर असो, नवरा असो. कोणी मारलं, विचारते. ती पदर चावते.

“नाव घे गो. कुजबुजून नाय. पलीकडच्या घरात ऐकू गेला पायजे.”

तोवर तिला उठू देत नाय.