मामाचा पहिला घास

माझ्या लेकीला सहा महिने पूर्ण झाले, तसं डॉक्टरीणबाईंनी वरचं खाणं सुरू करा म्हणून सांगितलं. पण आमच्याकडे उष्टावण झाल्याशिवाय बाळाच्या तोंडात अन्नाचा कण घालत नाहीत, आणि उष्टावण करायची मामाने. मामा म्हणजे माझा भाऊ, मुक्काम मिरजगाव. त्याची कांदाकाढणी ऐन रंगात आलेली. फोनवर म्हणाला, "ताई, मी आल्याशिवाय घास घालायचा न्हाई. एकुलती एक भाची हाय माझी." मी शब्द दिला. तिथेच फसले.

एक रविवार गेला, मजूर मिळाले नाहीत. दुसरा गेला, टेम्पो मिळाला नाही. इकडे भिंगारला माझी लेक आमच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघायची आणि रिकामंच तोंड चावायची. माझा जीव तुटायचा. शेवटी एका सकाळी तिला अंघोळ घालून सासूबाई देवपूजेला बसल्या, आणि मी स्वयंपाकघराचं दार लोटून तिला मऊ वरणभात भरवला. कार्टीने थुंकला. दुसऱ्या दिवशी नाचणीची पेज, तीही थुंकली. मग भोपळा. तो अर्धा माझ्या गाऊनवर, अर्धा फ्रिजवर.

आता मात्र माझं धाबं दणाणलं. पोर खातच नाही म्हणजे काय? आणि भाऊ एवढ्या हौसेने येणार, त्याच्याही हातचं हिने थुंकलं तर त्याचं तोंड एवढंसं होईल. सासूबाईंना विचारावं तर माझी चोरी उघडी पडायची.

तिसऱ्या रविवारी भाऊ आला, नव्या शर्टात, चांदीची वाटी-चमचा घेऊन. सकाळपासून घरात पाहुणे, त्यामुळे चोरून भरवणं जमलंच नाही. भावाने खिरीचा चमचा पुढे केला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तर चमचा रिकामा, आणि लेक पुन्हा आ वासून तयार. वाटीचा तळ दिसला तरी बाईसाहेब चमचा सोडेनात.

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाच्याच हाताची वाट बघत हुती पोर, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. मलाही रडू फुटलं.

पाहुणे पांगल्यावर सासूबाई माझ्याशेजारी भांडी विसळायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भूकच लागली असणार तिला, आज अंघोळीनंतर काही देता आलं नाही. बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. म्हणजे रोज अंघोळीनंतर पोर सासूबाईंच्या हातून वरणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी खाऊन यायची. भरल्या पोटाने माझा वरणभात थुंकणार नाही तर काय करणार!

असा राग आला म्हणता!

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दहा. आणि तुझे?"

मी नळ मोठा सोडला. त्या हळूच म्हणाल्या, "फ्रिजवरचा भोपळा कुणी पुसला, वाटलं तुला?"

"सहा," मी म्हणाले.

तेवढ्यात भाऊ पाणी प्यायला आत आला. "ताई, शब्द पाळलास हां," म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "पाळणारच. सून कुणाची आहे?"