लंगडीची चाल

कालेर्वो तुहकानेनच्या हातात कला होती, हे आमच्या हापासाल्मी गावात कुणी नाकारत नाही. नाकारायचं कशाला, डोळे सगळ्यांनाच आहेत. त्याने केलेली लाकडी मासोळी टेबलावर ठेवली की वाटायचं, आता ही शेपूट हलवून आपल्याच कॉफीत उडी मारणार. खवल्याखवल्याला चंदेरी कागद, पोटाला मोतिया झाक, डोळ्याच्या बाहुलीभोवती सोनेरी कडं. फक्त एक गोष्ट तिला जमत नसे. मासा धरणं.

आता गळ बांधून बोटीमागे ओढायच्या मासोळीला दुसरं काम तरी काय असतं? पण हे कालेर्वोला कोण सांगणार! उभा जन्म त्याने बर्फावरच्या ढकलगाड्या रंगवण्यात घातला. निवृत्त झाला तसा मासोळ्यांच्या मागे लागला, आणि गाडीला रंगाचे दोन हात देणारा हा माणूस बोटभर लाकडाला सात-सात हात द्यायला लागला. एक हात वाळला की पॉलिश पेपर, मग पुढचा हात, मग परत पॉलिश पेपर. मासा लागला नाही की म्हणायचा, "पाणी फार नितळ आहे." पुढच्या खेपेला पाणी गढूळ असायचं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एकदा तर म्हणाला, "पाईकला सौंदर्यदृष्टी नाही." पाईक म्हणजे आमच्या तळ्यातला लांब थोबाडाचा, सुयांसारख्या दातांचा मासा. त्याला सौंदर्यदृष्टी नाही म्हणे! कालेर्वोच्या एकाही मासोळीला आजवर पाईकने दात लावला नव्हता, आणि ह्या एका गोष्टीसाठी तो मनातून किती झुरायचा ते त्याची बायको हिल्क्का सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं.

हिल्क्काचं मात्र ह्यात स्वयंपाकघर गेलं होतं. चुलीवर आडवी दोरी, तिच्यावर वाळत घातलेल्या मासोळ्यांची रांग. खाली काही तळायची सोय नाही. वाफ वॉर्निशला चिकटते.

"मग मी मासे तळायचे कुठे?" तिने एकदा विचारलं.

"उकड ना. उकडलेले पचतात."

"आणायचे कुठून पण? तू आणणार?"

ह्यावर कालेर्वो वॉर्निशच्या डब्यात डोकं घालून बसला.

हिल्क्काचा बाप आर्मास हा जातिवंत मासेमार, आणि तोंडाने तिखट. लग्न ठरलं तेव्हा कालेर्वोने सासऱ्याला स्वतः कोरून रंगवलेली पहिलीवहिली मासोळी दिली होती. म्हाताऱ्याने ती उलटसुलट केली, उजेडात धरली आणि परत दिली. "छान आहे," म्हणाला, "नाताळच्या झाडाला टांग." ते वाक्य कालेर्वोच्या काळजात गळासारखं अडकलं ते अडकलंच. आर्मास मेला तरी निघालं नाही.

आर्मासची स्वतःची मासोळी एकच, लंगडी. पाइनच्या जाड सालीतून एका दुपारी सुरीने कोरलेली. कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून तिला पुढे पाण्यात चाल देणारा ओठ बसवला होता, तोही वाकडा. रंग म्हणजे पाठीला डांबर आणि चुलीची काजळी. पाईकच्या दातांनी पोखरून पोखरून ती एवढी कुरूप झाली होती की रस्त्यात पडली असती तर कुत्र्यानेही हुंगली नसती. पण पाण्यात! दोन झटके सरळ जायची, तिसऱ्याला उजवीकडे गचका खायची. आजारी मासा जातो तशी. आणि आजारी मासा दिसला की पाईकला धीर धरवत नाही.

बोट वल्हवायची हिल्क्का. लहानपणापासून तीच. दोरीचा वेढा तिच्या गुडघ्यावरून जायचा आणि लंगडीची चाल थेट तिच्या हाडात वाजायची. टक, टक, गचक. टक, टक, गचक. मागच्या फळीवर बाप पाइप ओढत बसलेला. बोलणं नाहीच. त्या घरात माया बोलून दाखवायची पद्धत नव्हती. जी काही होती ती गुडघ्यावरच्या त्या ठेक्यात होती.

बापामागे वाटण्या झाल्या. भाऊ ओस्सीने बोट घेतली, किनाऱ्याची जमीन घेतली, जाळी घेतली. हिल्क्का म्हणाली, "मला लंगडी दे, बाकी काही नको." ओस्सी हसला, तिला वेड्यात काढलं आणि पटकन हो म्हणाला. न जाणो, तिचा विचार बदलायचा! हिल्क्काने शेजाऱ्याची जुनी बोट मागून घेतली, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती लंगडी पाण्यात सोडायची. मासा लागला तर लागला. ती जायची त्या ठेक्यासाठी. बापाचा चेहरा हल्ली तिला फोटो बघून आठवावा लागत होता, पण दोरी गुडघ्यावर आली की मागे फळीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

आता आमच्याकडे एक गोष्ट पोराला नीट चालता यायच्या आधी कळते. मासा देणाऱ्या मासोळीला हात लावायचा नाही. गळ गंजला तर बदला, बाकी ओरखडासुद्धा बुजवायचा नाही. ती का धरते हे तिला करणाऱ्यालाही माहीत नसतं. गावातल्या मासोळ्यांच्या स्पर्धेत कालेर्वो परीक्षक म्हणून बसायचा आणि हेच ज्ञान सगळ्यांना पाजायचा, मान तिरकी करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. उंटावरचा शहाणा!

त्या वर्षी मे महिन्यात हिल्क्का मुलीच्या बाळंतपणाला ताम्पेरेला गेली. लंगडी दाराशेजारच्या खिळ्याला. कालेर्वो घरात एकटा. येता-जाता ती डांबर माखलेली, दातांनी पोखरलेली, वाकड्या ओठाची मासोळी त्याच्या डोळ्यांत खुपायची. ह्या असल्या ध्यानाने पाईक धरायचे आणि आपल्या राजकन्यांनी दोरीवर वाळत बसायचं? त्याने काय विचार केला ते त्याचं त्याला माहीत. नियम असतो तो बिनकौशल्याच्या लोकांसाठी, असाच काहीतरी केला असणार. एवढं खरं की हिल्क्का परत आली तेव्हा टेबलावर कापूस घातलेली एक डबी होती आणि शेजारी कालेर्वो, न्हाऊन, भांग पाडून.

"उघड ना! तुझ्यासाठी आहे."

तिने उघडली. आत एक देखणी मासोळी. शेवाळी पाठ, मोतिया पोट, डोळ्यात सोनेरी कडं.

"छान झालीय," ती म्हणाली. चपला काढता काढता दाराकडे बघितलं. खिळा रिकामा होता. "लंगडी कुठेय?"

"अगं, हातात काय धरलंयस मग?"

हिल्क्का खुर्चीत बसली.

"सगळी भोकं बुजवली," कालेर्वो उत्साहाने सांगत सुटला, "डांबर खरवडलं, ओठ तर केवढा वाकडा होता, तो सरळ केला. सात हात दिलेत, सात! तुझ्या बाबांनी बघितली असती तर—"

"तर तुझ्या टाळक्यात वल्हं घातलं असतं."

"आधी पाण्यात तरी बघ. मग बोल."

बघितली. कालेर्वो मागच्या फळीवर बसला, तिने वल्ही मारली, दोरी गुडघ्यावरून सोडली. गुडघ्यावर एकसारखी घरघर आली, शिवणयंत्र चालल्यासारखी. गचका नाही, ठेका नाही, काही नाही. कालेर्वो मागे वळून पाण्यात बघत होता. "बघ, बघ कशी सरळ जातेय! उगाच लंगडत होती इतकी वर्षं!"

हिल्क्काने वल्ही आत घेतली. "गाढवा," ती म्हणाली, "माझा बाप होता तो."

एवढंच. मग तिने बोट वळवली, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या घरात "कॉफी" आणि "मीठ" ह्यापलीकडे शब्द झाला नाही.

कालेर्वोच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तो असा पडला की आणखी अंधार व्हावा. लंगडीला परत लंगडी करायला निघाला शहाणा! ओठ पक्कडीने वाकवला, ती पाण्यात भोवऱ्यासारखी गरगरली. सरळ केला की पुन्हा शिवणयंत्र. काजळी फासली, डांबर फासलं, ते त्याच्याच वॉर्निशवरून ओघळलं. टोच्याने भोकं पाडली, खिळ्याने ओरखडे काढले. शेजारची सायमी कुंपणावरून बघायची आणि दुकानात जाऊन सांगायची. "चांगल्या माणसाचे पाय मोडून ठेवलेत मेल्याने, आता त्याला लंगडायला शिकवतोय." अख्खं दुकान हसायचं. का नाही हसणार? आम्हीही हसलो.

मिडसमरच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दिवशी हिल्क्का सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवायला गेली. सौनाच्या ओट्यावर कालेर्वो पाठमोरा बसला होता आणि त्याचा जबडा हलत होता. तिला वाटलं, कडक काळा पाव खातोय. जवळ गेली तर तोंडात लंगडी. तो ती चावत होता. स्वतःच्या दातांनी, डोळे मिटून, घाम येईस्तोवर.

तिला बघून त्याने ती तोंडातून काढली. त्याच्या ओठांना रंग लागला होता.

"खुणा कुठे होत्या?" त्याने विचारलं. "डाव्या बाजूला जास्त होत्या ना? तू सांग, मी तिथेच करतो."

हिल्क्काने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीत नाही. सारा जन्म ती मासोळी तिने गुडघ्याने ओळखली, नीट निरखून कधी बघितलीच नव्हती. त्याने तिला हेही कळायला लावलं, म्हणून तिला त्याचा आणखीच तिटकारा आला.

"दे इकडे ती," म्हणाली. कालेर्वो मागोमाग धक्क्यापर्यंत आला. एक पाय बोटीत टाकणार तोच ती म्हणाली, "उतर."

तो उतरला.

ती एकटीच वल्हवत गेली. आशा नव्हतीच, तरी दोरी गुडघ्यावर घेतली. घरघर, घरघर. बेटाच्या टोकाला, पाण्यात वाढलेल्या बोरूच्या कडेने बाप नेहमी वेग कमी करायला लावायचा, तिथे सवयीने तिचे हात सैल पडले. आणि दोरी हिसकली. गुडघ्याला काचली. पाईक होता, हातभर तरी असेल. बोटीला लावून तिने त्याला वर घेतला तेव्हा ती सरळ झालेली, सात हात दिलेली, नवऱ्याने चावलेली मासोळी त्याच्या जबड्यात आडवी रुतली होती.

हिल्क्का त्या माशाकडे बघत राहिली. हा बापाचा मासा नव्हता. बापाचं त्या मासोळीत काहीच उरलं नव्हतं. चाल कालेर्वोची, ओठ कालेर्वोचा, रंग कालेर्वोचा. म्हणजे मासाही त्याचाच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो झुरला तो हाच. आणि मिळाला कसा, तर तिच्या बापाला पुसून टाकून!

"नाही मिळणार," ती मोठ्याने म्हणाली. पक्कडीने गळ काढला आणि त्याला सोडून दिला. पाईक पाण्यात क्षणभर तसाच राहिला, मग गेला.

कालेर्वो धक्क्यावरच उभा होता. बोट लागायच्या आधीच वाकून त्याने विचारलं, "काही लागलं?"

"काही नाही."

त्याने मासोळी हातात घेतली. पोटापासून शेपटीपर्यंत बारीक टोचल्याच्या रांगा होत्या, ओल्या, ताज्या, वॉर्निश फोडून आत गेलेल्या. त्याचा अंगठा त्यांच्यावरून फिरला आणि थांबला. त्याने मान वर केली.

"हिल्क्का, ह्या... ह्या कसल्या गं?"

ती दोरी खुंट्याला बांधत होती. "तुझ्याच दातांच्या," ती म्हणाली.

कालेर्वोने मासोळी उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली.

"हो," म्हणाला, "माझ्याच असतील."