मामाच्या हातचं सरबत

चाळिशी उलटल्यावर नर्सबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. रोगाची साथ कुठून सुरू झाली ते हुडकायचं आणि तिथेच तिचा गळा आवळायचा, हे शिकवणारा वर्ग होता तो. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे फौजदारीण म्हणत, आणि ते नाव त्यांना शोभून दिसे. त्यांचा घोशा एकच: "आजाऱ्याला कुणीही विचारील. धडधाकट माणसाला विचारा, त्यानं काय खाल्लं नाही ते."

तपासायला मिळालेली पहिलीच खरी साथ नेमकी चपलांच्या कारखान्यात निघाली. जुलाब-उलट्यांनी कामगार पटापट आडवे झाले, दवाखान्यात खाटा पुरेनात, आणि एक गरोदर बाई तर सलाईन लावूनही डोळे उघडत नव्हती. जो तो कँटीनकडे बोट दाखवू लागला. आणि कँटीन कुणाचं, तर नर्सबाईंच्या सख्ख्या मामाचं. वडील गेल्यावर ज्यानं खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, त्याच मामाचं. मॅनेजर तर त्याला आजच हाकलायला निघाला होता.

नातं फौजदारीणबाईंना आधीच सांगायला हवं होतं. नर्सबाईंनी ते गिळलं आणि तडक धडधाकट माणसांकडे गेल्या. शिस्त वगैरे काही नाही हो, मामाला सोडवायचं होतं, बस.

शिलाईच्या खोलीत सगळे ठणठणीत होते. जेवण त्यांनीही कँटीनचंच घेतलं होतं, तेच आणि तेवढंच. नर्सबाईंचा जीव भांड्यात पडला. वही मिटता मिटता त्यांनी सवयीनं विचारलं, "काही घेतलंच नाही, असं काही?"

"सरबत बिनबर्फाचं प्यायलो," एक कारागीर बाई हसून म्हणाली. "आमची जेवायची पाळी शेवटी. आमच्यापर्यंत बर्फ कधी उरलाय?"

नर्सबाईंनी वही पुन्हा उघडली. आजारी पडलेले सगळे आधी जेवणारे होते. दवाखान्यात जाऊन त्यांनी पुन्हा विचारलं. बर्फ सगळ्यांनी घेतला होता.

मामा कँटीनमध्ये एकटाच टेबलं पुसत होता. भाचीला बघून त्याचा चेहरा उजळला. "उन्हातून आलीस, बस," म्हणत त्यानं सरबताचा पेला पुढ्यात ठेवला. वर बर्फ तरंगत होता.

"मामा, हा बर्फ कुठल्या पाण्याचा?"

"नळ कोरडा होता गं. मागच्या हौदातलं घेतलं, चांगलं नितळ दिसत होतं. बर्फाच्या पेटीत आजही तेच पाणी लावलंय." त्यानं आवाज खाली आणला. "तू घरची म्हणून सांगितलं. मॅनेजरपाशी बोलू नकोस."

नर्सबाईंनी पेला हळूच बाजूला सारला.

मामा त्या पेल्याकडे बघत राहिला. "माझ्या हातचं नको झालं? बघ, मीच पितो." पेला ओठाला लागणार, तोच नर्सबाईंनी त्याचं मनगट धरलं. मामानं ओढून पाहिलं, त्यांनी सोडलं नाही. मग त्यानं पेला टेबलावर ठेवला.

त्यांनी पिशवीतून नमुन्याची बाटली काढली आणि बर्फासकट सरबत तिच्यात ओतलं. डोळे भरून आले होते, पण थेंब सांडू दिला नाही.

"तुझ्यासाठी केलं होतं गं, पोरी," मामा म्हणाला.

नर्सबाईंनी झाकण घट्ट लावलं आणि त्याच्यासमोरच फौजदारीणबाईंना फोन लावला. "बाई, नमुना मिळालाय. कँटीन आत्ताच्या आत्ता बंद करा. आणि मालक माझा मामा आहे."