रेवदंड्याच्या वाळूत आमची जीप

लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, पण सासरच्या किश्श्यांचा असा ढीग साठलाय की निरगुडसरला माहेरी गेले की आई विचारते, "आधी जेवतेस, की आधी सांगतेस?" आता एकट्या रेवदंड्याच्या सहलीचंच घ्या!

*

राजुरीहून पहाटे निघालो. अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, कोरी जीप. सीटवरचं प्लॅस्टिक काढायला सक्त मनाई!

गावाभोवतीची जुनी तटबंदी दिसली आणि अण्णांनी करकचून ब्रेक दाबला.

"एवढं कंपाउंड! गावच्या गाव आत!" मग जरा विचार करून म्हणाले, "हिकडं आपल्यापरीस बिबट्याचा लई तरास दिसतोय."

*

सासूबाई माळकरी. किनाऱ्यावर जवळा वाळत घातलेला, त्यावर कावळे. वाळवण असं उघडं टाकलेलं त्यांना बघवेना. एका हातानं नाकाला पदर, दुसऱ्या हातानं कावळे हाकत तिथंच बसल्या!

कोळीण आली, चक्रावली. "मावशी, तुम्ही कोण?"

"मी माळकरी. पण वाळवण असं टाकून जात्यात व्हय गं?"

*

सासऱ्यांसमोर नव्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नापासून मी पाळली होती.

त्या दिवशी समुद्र पार आत गेलेला. ओली वाळू बघून अण्णा म्हणाले, "आवर्तन सुटलंय. कालव्याला पाणी सोडलं की आपलं धरणबी असंच उतरतं. आता आठ-दहा दिस पाणी वर येत न्हाई."

आणि जीप थेट तटाच्या सावलीला, वाळूत!

तटावर ओल होती, पार बॉनेटच्या वरपर्यंत. मी ह्यांच्या कानात म्हटलं, "अहो, भरती येईल."

"अण्णांना पाण्यातलं तू शिकवणार?"

वरच्या कोरड्या वाळूत भाकऱ्या सुटल्या. सगळ्यांच्या पाठी समुद्राकडे, तोंड फक्त माझं. पाणी टायरला लागलं, चढायला लागलं...

"अण्णा, जीप!" मी किंचाळले.

जीपकडे कुणी बघेचना! सगळे माझ्याकडे बघत राहिले. सासूबाईंच्या हातातली भाकरी वाळूत पडली.

"अगं बया! बोलली!"

तोवर पाणी दारात. शेवटी कोळ्यांनी दोर लावून जीप बाहेर ओढली. सीटवरच्या प्लॅस्टिकचं सार्थक झालं!

अण्णा धोतर पिळत एका कोळ्याला म्हणाले, "काय राव, पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवायचा असतो! हितला पाटबंधाऱ्याचा सायब बसतो कुठं?"