ठोकळ्यांचं पोकलेन

मणक्याच्या दुखण्यानं वडलांचं पोकलेन चालवणं सुटलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं पोकलेन जोडलं. वीतभर उंचीचं, पण मोटारीवर पट्टे फिरायचे, बूमचा लांब हात वळायचा, बकेट भरायचं. खंडेनवमीला ते पूजेत मांडलं. वडलांनी हळदकुंकू वाहिलं आणि खऱ्या मशीनला ठेवतात तसं पट्ट्याखाली लिंबू ठेवलं. मशीन लिंबावर चढलं आणि उताणं पडलं. महिनाभराची जोडणी डोळ्यांदेखत विस्कटली.

"अण्णा, एवढं मोठं लिंबू त्याला झेपतंय का?" मी चिडले.

ते निखळलेले ठोकळे वेचून एकेक माझ्या हातात देत राहिले. मशीन पुन्हा उभं राहिल्यावर त्यांनी लिंबू कापलं आणि त्यातली एक बी पट्ट्याखाली ठेवली. मशीन बीवरून सहज पुढं गेलं.

मग त्यांनी परातीत ज्वारी ओतली, रिमोट घेतला आणि बूम वळवण्याआधी मान फिरवून मागं बघितलं. लहानपणी मी पाली गावाकडं विहिरीच्या कामावर त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ते म्हणायचे तसंच म्हणाले, "मागं सर, बाळा."

मी मागं सरले.