हमीद सरांशी आम्ही जे केलं

सिल्लोडहून सरांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या दुकानात होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. चाळीस दिवस होऊन गेले त्याला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय... पण हमीद सरांबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि तेच जमत नव्हतं.

निजामाच्या फौजेतल्या एका पलटणीच्या संघातून सर फुटबॉल खेळायचे. पोलीस ॲक्शननंतर पलटण मोडली आणि विशीतले सर औरंगाबादला आले. पुढं पंधरा-सोळा वर्षांनी ते आमच्या क्लबाचे कोच झाले, दोन वर्षांतले चौथे. सेक्रेटरीची मर्जी फिरली की कोच बदलायचा, अशी आमच्याकडची तऱ्हा. मी कप्तान होतो. सरांनी आम्हाला पळवलं, रडवलं, पण खेळायला शिकवलं. सेक्रेटरीच्या भाच्याला मात्र त्यांनी कधी संघात घेतलं नाही. "खेळता येत नाय त्याला," एवढंच कारण. मग एक दिवस सेक्रेटरीनं मला बोलावून घेतलं. पुढचा सामना हरलात तर हा कोच जाईल आणि तुझ्या गिरणीतल्या नोकरीचं मी बघतो, असं सरळच सांगितलं. वडील घरी बसून होते... मी बाकीच्यांशी बोललो. सरांच्या शिस्तीला सगळे वैतागलेलेच होते. फार समजवावं लागलं नाही.

त्या सामन्यात कुणी पळालंच नाही. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले. सर माझ्यापाशी आले, हलक्या आवाजात म्हणाले, "कप्तान, पाय दुखतो का?"

"व्हय सर."

"मग बाहेर बस. तुझ्या जागी दुसरा देतो."

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी म्हणालो, "नाय सर, खेळतो." त्यांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर आले नाहीत.

सर सिल्लोडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादम झाले. मला नोकरी लागली. काही वर्षांनी मीच त्या क्लबाचा कोच झालो, आणि एका सामन्यात माझेही खेळाडू पळेनासे झाले. मी कडेला उभं राहून ते शेवटपर्यंत बघितलं. त्याच आठवड्यात एसटी धरून सिल्लोड गाठलं.

"सर, त्या दिवशी मी..."

"बरं झालं आलास," ते मधेच म्हणाले. "पण माफ केलं असं म्हणणार नाय. खोटं बोलता येत नाय मला." मग नसीमला चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर कित्येक वर्षं जात राहिलो. कापसाच्या, गुडघ्यांच्या गोष्टी व्हायच्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. कधीतरी काढतील, अशी मला आशा होती... शेवटच्या भेटीपर्यंत होती.

परवा चाळिसाव्याला गेलो होतो. पाहुणे पांगले. पाच वाजले तशी नसीम सवयीनं उठली, आतली सरांची लोखंडी खुर्ची उचलून ओट्यावर आणली आणि समोरच्या शाळेच्या मैदानाकडं तोंड करून ठेवली. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. हात तसाच खुर्चीच्या पाठीवर राहिला. मैदानात खेळ सुरू झाला होता.

"बसा काका," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो.